पेशी फुटत नसते!

"हे कोणं केलं?"

मयुरी थूल प्रयोगशाळेच्या दारातच थबकली. काल संध्याकाळी तिनं टेबलावर ठेवलेला उंच काचेचा ग्लास गायब होता. त्याच्या जागी थर्माकोलची भलीमोठी पेटी बसली होती. पेटीवर टम्म लाल फुगा, फुग्याच्या पोटात हिरवं पाणी आणि चारी बाजूंनी लग्नाच्या मांडवासारखी लुकलुकणारी लायटिंग. फुग्यावर मार्करनं ठळक अक्षरांत 'पेशी' असं लिहिलेलं, म्हणजे बघणाऱ्याचा उगाच गैरसमज नको.

"ढोले सरनं," तिच्या वर्गातला वैभव म्हणाला. त्याच्या हातात टोकाला टाचणी लावलेली काडी होती आणि चेहऱ्यावर लाडू खाल्ल्यासारखा आनंद. "पाय, बटन दाबलं का लाइट लागते. मंग मी टोचतो. फटाक्! रस बाहेर. भन्नाट आहे ना?"

"माहा ग्लास कुठे आहे?"

"सिंकखाली."

सिंकखाली! फिनाइलच्या बाटलीशेजारी! मयुरीचे कान आधी लाल झाले, मग गाल, मग ती पूर्णच.

आता हा ग्लास काय होता ते सांगायला हवं, कारण त्याच्यापायी घरात महाभारत झालं होतं. अकरावीच्या पुस्तकात पेशीच्या धड्यात एक ओळ आहे. पेशी आपल्या पोटात रस तयार करते, तो इवल्याशा पिशव्यांमध्ये भरते, त्या पिशव्या पेशीच्या पटलाशी जाऊन मिसळतात आणि रस बाहेर सोडतात. झालं, संपली ओळ. वर्गातल्या सगळ्यांनी ती खाली रेघ मारून सोडून दिली. मयुरीला मात्र ती घशात अडकलेल्या काट्यासारखी सलू लागली. घराला दार नाही, खिडकी नाही, भिंत फोडायची नाही, आणि आतलं सामान रस्त्यावर आलं पाहिजे. येईल कसं?

मग तिनं आईच्या फोनवर शोध शोध शोधलं. कळलं ते असं की पिशवीची कातडी आणि पेशीची कातडी एकाच जातीची असते, तेलासारखी. पिशवीवर काही धागे असतात, पटलावर काही धागे असतात. पिशवी पटलाजवळ येऊन थांबते, इशाऱ्याची वाट बघते. इशारा आला की दोन्हीकडचे धागे वेणी घातल्यासारखे एकमेकांत पीळ घेतात, दोघांना जवळ, आणखी जवळ ओढतात, आणि दोन्ही कातड्या एकजीव होतात. रस बाहेर. फाटलं काही नाही. फुटलं काही नाही. पिशवीची कातडी पेशीच्या कातडीतच जमा! तोंडातली लाळ अशीच येते, गाईचं दूध बरंचसं असंच उतरतं, आणि रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिनही असंच.

हे कळलं त्या दिवशी मयुरी अंगणात दोन गिरक्या घेऊन आली होती.

पण दाखवायचं कसं? सगळी दिवाळीची सुट्टी तिनं स्वयंपाकघरात घालवली. जवसाच्या तेलातून पलीकडचं दिसेना. शेंगदाण्याचं गढूळ वाटलं. शेवटी सरकीचं रिफाइंड पसंत पडलं. ग्लासात खाली पाणी, वर बोटभर उंचीचं तेल, आणि तेलात ड्रॉपरनं सोडलेला निळीच्या पाण्याचा थेंब. थेंब तेलातून हळूहळू खाली उतरतो, तेल-पाण्याच्या सीमेवर येऊन बसतो. बसूनच राहतो. आणि मग एकदम, काही न फुटता, त्या सीमेत विरघळतो आणि निळा रस खालच्या पाण्यात उलगडत जातो. वरचं तेल होतं तिथंच. आई, म्हणजे शालूबाई, कपड्यांची नीळ आणि फोडणीचं तेल एकाच दिवशी संपलेलं बघून जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि असा ग्लास सिंकखाली!

ढोले सर आले तेव्हा मयुरी त्यांच्या वाटेतच उभी राहिली. "सर, पेशी फुटत नसते."

"बेटा, पहिले गुड मॉर्निंग तरी म्हण."

"गुड मॉर्निंग सर. पेशी फुटत नसते."

रूपराव ढोले सर वाईट माणूस नव्हते. आंजीच्या शाळेतली मुलं विज्ञान प्रदर्शनीला न्यायची म्हटलं की ते स्वतः थर्माकोल कापायला बसत, बोटाला पट्टी बांधून. पण वर्षानुवर्षं तालुक्याहून फक्त 'उत्तेजनार्थ' घेऊन परतल्यावर त्यांनी एक धडा पक्का केला होता: परीक्षक टेबलापाशी येतो तेव्हा काहीतरी पेटलं पाहिजे. म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटातल्या झाडून सगळ्या मॉडेलांना बल्ब होते. पवनचक्कीला बल्ब ठीक आहे. पण पचनसंस्थेलाही बल्ब. गांडूळखतालाही बल्ब! गांडूळ बिचारं अंधारात राहणारं.

"तुहं बरोबर असन," सर म्हणाले. "मी नाई कुठे म्हणतो? पण तुहा थेंब तिथं येऊन बसते, एसटी स्टँडवर माणूस बसते तसा. परीक्षक तेवढा थांबते काय?"

"सर, तो थांबते तेच तर खरं आहे! पिशवीही तशीच थांबते."

"पिशवी थांबते. परीक्षक नाई थांबत." सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे घे. भाषण. तू अन् वैभव दोघंही पाठ करून येजो. ज्याचं चांगलं होईन थो बोलन. अन् हे पाय, या वर्षी जर निवड झाली ना, तर जिल्ह्याची प्रदर्शनी हिंगणघाटले आहे. जाशीन का नाई?"

जायचं होतं. इथंच तर सगळं अडलं. मागच्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा जिचा 'हजर' पहिल्या बाकाच्या पुढे जात नसे, त्या मयुरीच्या हातात यंदाच्या चौदा एप्रिलला विहारापुढच्या स्टेजवर माइक आला, आणि तेव्हापासून तो जणू तिच्या गळ्यातच बसला होता. तिला हिंगणघाटच्या त्या मोठ्या मंडपात उभं राहायचं होतं. अनोळखी माणसांना सांगायचं होतं की तुमच्या पोटात आत्ता, या क्षणाला, काय अप्रतिम चाललंय. आणि सांगायचं काय होतं? तर 'फटाक्'.

कागद तिनं घेतला. दात ओठ खाऊन घेतला, पण घेतला.

संध्याकाळी ती अंगणात येरझारा घालत पाठ करू लागली. सरांचं भाषण म्हणजे एकदम छापील. "मधुमेहाच्या रुग्णाने साखरेची गोळी घेताच स्वादुपिंडातील पेशी फुटते व इन्सुलिन रक्तात पसरते!" मयुरी ते वाक्य म्हणायची आणि प्रत्येक वेळी वैतागून जोरात म्हणायची, जसं काही ओरडल्यानं ते खरं होणार होतं. खाटेवर आजी, भागीरथाबाई, वाल सोलत बसली होती. तिचा कान इकडेच होता. वाल सोलत राहिली.

पाच-सहा दिवसांनी आईच्या लक्षात आलं की मडकं सारखं रिकामं होतंय. आजी पाणी पीत होती, परसात जात होती, पुन्हा पाणी पीत होती. पाय दुखतात म्हणाली, डोळ्यांपुढे धूसर येतं म्हणाली. आणि मग आईनं मोगऱ्याच्या कुंडीतली माती मोकळी करायला खुरपं घातलं, तर मातीतून गोळ्या निघाल्या. ओल्या, अर्ध्या विरघळलेल्या, आजीच्या साखरेच्या.

"आत्या, हे काय वो?" शालूबाईनं कपाळाला हात लावला. "मोगऱ्याले साखर झाली काय?"

आजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"आजी, गोळ्या काऊन फेकल्या?" मयुरीनं विचारलं.

"काऊन म्हणजे?" आजी फिरली ती चवताळूनच. "तूच तर वरडून वरडून सांगत होती अंगणात! गोळी घेतली का पेशी फुटते. सकाळची एक गोळी, सांजची एक. इतके वर्सं झाले, मी खाऊनच राह्यली. डाक्टर म्हणते खा, मी खातो. मले काय मालूम, आत फटाके फुटून राह्यले म्हणून! आता माह्या पोटात उरल्या किती असतीन, सांग बरं? म्या म्हटलं, ज्या उरल्या त्या तरी राहू दे बापा."

आजीच्या हिशोबात काही चूक नव्हती. कुठंच नव्हती. वाक्य जर खरं असतं, तर आजी जगातली सगळ्यात शहाणी बाई ठरली असती. चूक वाक्यात होती, आणि ते वाक्य मयुरीनं स्वतःच्या गळ्यानं, स्वतःच्या अंगणात, आठवडाभर पिटलं होतं. तिला इतका संताप आला की रडूच आलं, आणि रडू आलं याचाही संताप आला.

आईनं आजीला आरोग्य केंद्रात नेलं. तिथं बोटातून रक्त काढलं, साखर भरमसाट निघाली, आणि गोळी एक दिवसही चुकवू नका असं बजावून पाठवलं. पण आजी घरी येऊन गोळी तळहातावर घेऊन बसली. गिळेना.

मग मयुरीनं शाळेतून सोडवून आणलेला ग्लास काढला. खाली पाणी, वर तेल. आजीला खाटेवरून उठवून ओट्यापाशी बसवलं.

"हे तेल म्हणजे तुह्या पेशीच्या आतली जागा. हा निळा थेंब म्हणजे औषध भरलेली पिशवी. तुहंच औषध, तुह्याच शरीरानं केलेलं. खालचं पाणी म्हणजे तुहं रक्त. आता पाय."

थेंब उतरला. सीमेवर येऊन बसला.

"थांबला वं हा," आजी म्हणाली.

"थांबते. गोळीनं आत इशारा जाते, का आता चाल."

"एसटीच्या दारात बाई थांबते तसा. उतरू का नको."

आणि तेवढ्यात थेंब गेला. आवाज नाही, झटका नाही. निळा धागा पाण्यात लांब होत होत उलगडला. आजी ग्लासाला नाक लावून बघत होती.

"अन् तेल?"

"तेल तिथंच."

"सांडलं नाई?"

"नाई."

"मंग फुटलं काय?"

"काईच नाई फुटलं आजी. काईच फुटत नाई."

आजीनं तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं, टाकली तोंडात, वर पाणी प्याली. आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मंग तो तुहा मास्तर फुटते काऊन म्हणते?"

हा प्रश्न घेऊन मयुरी दुसऱ्या दिवशी ढोले सरांपुढे उभी राहिली. सगळं सांगितलं. मोगरा, गोळ्या, रक्तातली साखर. सरांचा चेहरा खरोखरच उतरला. कात्री खाली ठेवली त्यांनी.

"आता बऱ्या आहेत ना आजी?"

"हाव."

"गोळी घेतात ना?"

"घेते. पण सर, ते वाक्य काढा. फुगा काढा."

सरांनी थर्माकोलच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे पाय, प्रदर्शनी उद्यावर आली. नोंदणी फुग्याच्या मॉडेलची झाली. प्रदर्शनी झाली का मी स्वतः वर्गात खरं शिकवतो, बस?"

"म्हणजे आधी खोटं जिंकाचं, मंग खरं शिकाचं?"

"मयुरी!"

"सर, माही आजी एकटीच ऐकत होती. नालवाडीत तर गावच्या गाव येते प्रदर्शनी पाह्याले."

"लोक कायले एवढं ध्यान देते? लोक लाइट पाह्यते." सर उठले. "तुले बोलाचं नसन तर नको बोलू. वैभव बोलन. तू बाजूले उभी राह्य. चुपचाप. कबूल?"

मयुरीनं मान हलवली. सरांना वाटलं, हो म्हणाली. तिला स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं काय म्हणाली ते. घरी जाऊन मात्र तिनं ग्लास ओढणीत गुंडाळला, एका बाटलीत आईनं मोजून दिलेलं तेल भरलं, एकीत पाणी, आणि निळीची बाटली दप्तराच्या कप्प्यात घातली.

नालवाडीच्या ज्या शाळेत तालुक्याची प्रदर्शनी होती, तिथं सकाळपासून नुसती पाहुण्यांची वाट बघणं चाललं होतं. फीत बांधून तयार, कात्री ताटात, स्वागतगीताच्या मुली उन्हात उभ्या. पाहुणे आल्यावर भाषणं. भाषणांमध्ये विज्ञानाचं महत्त्व, विज्ञानाचं महत्त्व आणि पुन्हा विज्ञानाचं महत्त्व. विज्ञान बिचारं आत टेबलांवर वाट बघत बसलेलं.

शेवटी परीक्षक आले. जाड चष्म्याचे, राखाडी सफारीतले गृहस्थ, हातात पॅड. पवनचक्कीपाशी एक नजर, ज्वालामुखीपाशी एक नजर, स्वतःहून झाकण उघडणाऱ्या कचरापेटीपाशी जरा जास्त. मग आंजीच्या टेबलापाशी आले. वैभवनं बटन दाबलं, लाइटं लागली, आवाज चढवून भाषण म्हटलं आणि टोचला फुगा. फटाक्! हिरवं पाणी ट्रेमध्ये, एक थेंब परीक्षकांच्या सफारीवर. पोरं खिदळली. परीक्षकही हसले.

"वा! एकदम वर्किंग आहे!" म्हणाले, आणि पॅडवर लांबलचक टिक केली. "तुमचं अन् त्या कचरापेटीचं पाह्यतो मी परत. थांबा इथंच."

ढोले सरांनी मयुरीकडे पाहिलं. त्या नजरेत 'बघ, मी म्हणत होतो ना' होतं, आणि थोडी माफीही होती. मयुरी ओठ गच्च मिटून उभी. वैभव मात्र नवरदेवासारखा फुलला होता. गर्दी वाढली, "अजून एकदा, अजून एकदा" सुरू झालं. वैभवनं नवा फुगा चढवला, पुन्हा भाषण, पुन्हा फटाक्.

गर्दीत एक काकू होत्या, कुणातरी पोराची आई, सोबत नवरा. काकूंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "ऐकलं का? मी कधीची सांगून राह्यली, त्या साखरेच्या गोळ्यांनी माणूस आतून फुटते. पाय आता, शाळेतही तेच शिकवून राह्यले."

काकांनी वैभवला विचारलं, "खरंच का बाबू? गोळीनं फुटते?"

"हाव काका," वैभव छाती काढून म्हणाला. "सायन्स आहे."

"मंग बंदच करतो बाप्पा आजपासून."

मयुरीच्या डोक्यात जे काही होतं ते सगळं एकदम वर आलं.

"नाई काका!" असा आवाज निघाला की शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखीवाला दचकला. "गोळी बंद नका करू! थे खोटं आहे. पेशी फुटत नसते. फुटलीच नसते कधी!"

"मयुरी," ढोले सर दबक्या आवाजात म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं सर, माहं नाई!" तिचे हात दप्तरात गेले होते. ओढणी सुटली, ग्लास टेबलावर आला, पाणी ओतलं, वरून तेल. वैभवच्या फुग्याची पेटी तिनं कोपरानं बाजूला सरकवली. लाइटं लुकलुकतच होती.

गलका ऐकून परीक्षक परत आले. "काय गडबड आहे इथं?"

"सर, खरं मॉडेल पाहा. थोडा वेळ थांबा."

"वेळ नाही बेटा, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला..."

"पाहुणे वाट पाह्यतीन तर मरणार नाईत सर! हे काका गोळी सोडून मरतीन!"

परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. काका तर असे बघू लागले जसं काही त्यांचं नाव यादीत निघालंय.

मयुरीनं थेंब सोडला. निळा थेंब सरकीच्या तेलातून खाली खाली गेला आणि सीमेवर बसला. बसला तो बसलाच. परीक्षकांनी फोन पाहिला. ढोले सरांनी घसा साफ केला. कुणीतरी मागून म्हणालं, "हँग झाला वाटते." मयुरी जाब विचारणाऱ्या नजरेनं थेंबाकडे बघत होती. घरी असा कधी अडला नव्हता. जा ना रे! आजीपुढे कसा गेला होतास, आता इथंच काय झालं?

"पुरे आता," ढोले सर पुढे आले, त्यांचा हात टेबलाला लागला.

"सर, टेबल नका हलवू!" हे वैभव ओरडला होता. तो वाकून, हनुवटी टेबलाला लावून, एक डोळा मिटून बघत होता. काडी कधीच खाली पडली होती. "पाह्यते तो. वाट पाह्यते. आता... आता जाईन. थांबा ना बे कोणी हलू नका!"

आणि थेंब गेला. जसा जायला पाहिजे तसा, गुपचूप. निळा धूर पाण्यात उतरला, वळला, पसरला.

"ओ," काकू म्हणाल्या.

"पाह्यलं?" मयुरीला दम लागला होता, जसं काही तीच तेलातून पोहून आली होती. "काही फुटलं? तेल सांडलं? काका, तुमची पेशी अशी असते. पिशवी येते, कातडीत कातडी मिसळते, औषध रक्तात जाते, पेशी आहे तिथंच, पुढच्या पिशवीची तयारी करत. गोळी तिले फोडत नाई, गोळी तिले फक्त हाक मारते. हे तेल-पाणी नुसती नक्कल आहे, खऱ्या पेशीत त्यासाठी धागे असतात, पीळ असते, लय काय काय असते. पण फटाका नसते!"

"मंग गोळी घेऊ?" काकांनी विचारलं.

"घ्या. अन् बंद कराची असन तर डॉक्टरले विचारा. फुग्याले नका विचारू."

लोक हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी पॅड उलटसुलट केलं. "म्हणजे मघाशी तुमच्या शाळेनं जे दाखवलं ते चुकीचं?"

ढोले सर मयुरीकडे बघत होते. आता त्या नजरेत ओरडा नव्हता. नुसतं बघत होते. तिला माहीत होतं, 'प्रतीकात्मक आहे सर' एवढं म्हटलं की भागलं असतं. हिंगणघाटचा मंडप तिला दिसतही होता, लांबलचक, कनातींचा.

"हाव सर," ती म्हणाली. "चूक आहे."

"मग मी कोणतं मॉडेल धरू?"

"हे."

परीक्षकांनी ग्लास सगळ्या बाजूंनी पाहिला, खाली वाकून टेबलाखालीही पाहिलं. "याला बटन कुठे आहे?"

बटन! मयुरीला वाटलं, ग्लास उचलावा आणि... पण तेल सरकीचं होतं आणि आईनं मोजून दिलं होतं. "याले बटन नसते सर," ती म्हणाली. "तुमच्या पोटातही नाई."

निकाल लागला. कचरापेटी जिल्ह्याला गेली. आंजीला 'उत्तेजनार्थ'ही नाही. नोंदणी एका मॉडेलची, सादरीकरण दुसऱ्याचं, नियमात बसत नाही म्हणे. कचरापेटीसमोर हात नेला की झाकण उघडायचं, टाळ्या पडायच्या, पुन्हा हात, पुन्हा टाळ्या. मयुरी भिंतीला टेकून ते बघत होती आणि एकेका टाळीसरशी तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. बरोबर असण्याचे गुण कुठल्या रकान्यात देतात? तसा रकानाच नसतो पॅडवर? वर्किंग आहे का, लाइट आहे का, बटन आहे का, हे सगळं विचारतात. खरं आहे का, हे का नाही विचारत कुणी?

परतीच्या मालवाहू ऑटोत मागे ती आणि वैभव, मध्ये थर्माकोलची पेटी दोरीनं बांधलेली. ढोले सर पुढे ड्रायव्हरशेजारी. ऑटो नालवाडीतून बाहेर पडला, तुरीची शेतं लागली, वारा कानात शिरू लागला.

"मयुरी," वैभव म्हणाला.

"बोलू नको."

"नाई, मी ते नाई म्हणत."

"सॉरी पण नको म्हणू. हाव काका, सायन्स आहे! मोठा आला सायंटिस्ट!"

"अवं ऐक तर!" वैभव पेटीवरून तिच्याकडे वाकला. "तू म्हणते पिशवीची कातडी पेशीच्या कातडीत मिसळते. बरोबर? एक पिशवी मिसळली. मंग दुसरी. मंग हजार. दरवेळेस पेशीची कातडी वाढन ना? मंग पेशी फुगत काऊन नाई? आजीची पेशी आतापर्यंत टरबुजाएवढी व्हाले पाह्यजे होती."

मयुरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. उघडलं, आणि तसंच राहिलं. वारा आत गेला.

तिला माहीत नव्हतं.

दिवाळीची सगळी सुट्टी तिनं तेल बघण्यात घालवली होती. धागे, पीळ, इशारा, सगळं तोंडपाठ. आणि हा एवढा साधा, एवढा उघडा, समोर नाचणारा प्रश्न तिला सुचलाच नव्हता! सुचला कुणाला, तर फुगे फोडणाऱ्याला! दिवसभर परीक्षकांवर आलेला राग काहीच नव्हता, असा राग तिला आता आला.

"मले नाई माहीत," ती जवळजवळ ओरडलीच. "हे तू पहिले काऊन नाई विचारलं?"

"पहिले फुटतच होती ना पेशी! फुटलेल्या पेशीले काय विचाराचं?"

पुढून ढोले सरांनी मान वळवली. "काय म्हणते थो? मले ऐकू नाई येऊन राह्यलं."

"म्हणते का कातडी वाढली पाह्यजे, सर!" मयुरी इंजिनच्या वरताण ओरडली. "पेशी फुगली पाह्यजे!"

सरांनी मान परत समोर केली. मग पुन्हा वळले, एक हात सीटच्या पाठीवर टाकून. "परत आत घेत असन."

"काय?"

"कातडी. जेवढी बाहेर आली तेवढी परत आत ओढून घेत असन. नाईतर बसन कुठे?"

"पण कशी घेते सर? आत घेताना पाणी नाई शिरत आतमध्ये?"

"मले काय विचारतं?" सर म्हणाले. "मी फुगा लावणारा माणूस." पण ते परत समोर वळले नाहीत. "फोन आहे का कोणाजवळ? अन् त्या तेलात ते दाखवता येईन का, सीमेवरून थेंब परत वर ओढता येईन का?"

"थेंब नाई येणार सर वर, पाणी जड असते."

"मंग तेल खाली ठेव अन् पाणी वर!"

"सर, तेल खाली कसं राहीन?" वैभव म्हणाला.

"तू चूप बस बे, विचार करू दे तिले."

आंजी आली, ऑटो शाळेपुढे थांबला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एकदा, मग पुन्हा. मग तो उतरून मागे आला आणि बघत राहिला. पेटीवर ग्लास उभा, त्याच्यावर तिघांची डोकी, आणि मयुरी बोट नाचवत सांगत होती की सर, तुमचं साफ चुकतंय.

"भाऊ, उतरता का नाई?" ड्रायव्हर म्हणाला.

"थांबा ना काका दोन मिनिटं!" मयुरी त्याच्यावरही ओरडली.